वीस डॉलरची मतदार यादी

खातं बंद केलं, जुने फोटो उडवले, तरी गूगलवर नाव टाकलं की आपण हजर! असं का होतं, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. उत्तरासाठी गूगलच्या जन्माच्याही आधी, १९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात काय घडलं ते पाहायला हवं.

तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची माहिती संशोधकांना दिली जात होती. नावं-पत्ते गाळलेत, कुणाची ओळख फुटणार नाही, अशी ग्वाही खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिलेली. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांना ती पटेना. वेल्ड केंब्रिज शहरात राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वीनींनी २० डॉलर मोजून शहराची मतदार यादी विकत घेतली आणि ती विम्याच्या नोंदींशी ताडून पाहिली. वेल्ड यांच्याच जन्मतारखेची माणसं सहा. त्यांतले पुरुष तीन. आणि त्या तिघांत वेल्ड यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच! त्याची दुखणी, औषधं, सगळं उघडं पडलं. स्वीनींनी ते कागद गव्हर्नरांच्याच कार्यालयात धाडले, असं सांगतात.

जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर ८७ टक्के अमेरिकन माणसं एकमेवपणे ओळखता येतात, हा स्वीनींचा आकडा पुढे गाजला. तो अजूनही बिनदिक्कत फेकला जातो. पण फिलिप गोल यांनी २००६ मध्ये नव्या जनगणनेवरून हिशेब मांडला तेव्हा तो ६३ टक्क्यांवर आला. शिवाय केंब्रिजच्या लाखभर वस्तीपैकी सुमारे ५४ हजारच मतदार यादीत होते. यादीबाहेर वेल्ड यांचा कुणी जुळा नमुना नव्हताच, हे नुसत्या यादीवरून सांगता येत नाही. हा आक्षेप डॅनियल बार्थ-जोन्स यांचा, आणि तो रास्त आहे. तरी ६३ टक्के हा आकडाही झोप उडवायला पुरेसा आहे.

(आपल्याकडच्या मतदार यादीत वय छापतात, जन्मतारीख नाही. ती कसर चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स भरून काढतात.)

गव्हर्नरांची गोष्ट सगळे सांगतात. स्वीनी आणि पिएरांजेला समराती यांनी सुचवलेला उपाय मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्याचं नाव के-अनॉनिमिटी. माहिती पुसायची नाही, बोथट करायची. जन्मतारखेऐवजी नुसतं साल, पूर्ण पिनकोडऐवजी पहिले काही अंक, असं करत प्रत्येक नोंद निदान आणखी काही नोंदींसारखी दिसेपर्यंत जायचं. दिंडीतला पांढऱ्या सदरा-टोपीतला वारकरी लपलेला नसतो, पण नेमका तोच हुडकायचा म्हटलं तर घाम फुटतो. आपला ऑनलाइन पसारा आवरणाऱ्यालाही हे जमण्यासारखं आहे: प्रोफाइलवरून जन्मतारीख काढा, गल्लीऐवजी शहर लिहा, सगळीकडे एकच टोपणनाव वापरू नका. पैसे घेऊन ‘इंटरनेटवरून गायब करतो’ म्हणणाऱ्या सेवांपेक्षा हे स्वस्त पडतं आणि त्यात भूलथापाही नाहीत.

पण एक गोष्ट आपल्या हातात नसते. जेम्स बॅग्रो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुमारे १४ हजार ट्विटर वापरकर्त्यांच्या तीन कोटींहून अधिक ट्वीट तपासल्या. एखाद्याच्या आठ-नऊ मित्रांचं लिखाण मिळालं, तर तो पुढे काय लिहील याचा अंदाज, तत्त्वतः, त्याच्या स्वतःच्या लिखाणावरून बांधलेल्या अंदाजाइतकाच चांगला बांधता येतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण खातं बंद केलं तरी मित्र बोलतच राहतात.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कंपनीकडून आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. मात्र घरगुती, खासगी कारणांसाठी कुणी व्यक्तीने ठेवलेली माहिती त्यातून वगळली आहे. त्यामुळे आत्याच्या फोनमध्ये आपला नंबर, वाढदिवस आणि मुंजीतला फोटो असेल, तर कायदा मध्ये पडणार नाही. आत्यालाच सांगावं लागेल, की कुठलंही नवं अ‍ॅप टाकताना ‘कॉन्टॅक्ट्स वापरू द्या’ला आधी नाही म्हण.