विश्लेषण : कोंबडी ‘खुडूक’ झाली... आता अंडी घ्यायची की पिल्ले?

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड बहुतेकांना माहीत आहे ते राजमाता जिजाऊंच्या समाधीमुळे. गड पाहून उतरलेले पर्यटक इथेच घरगुती जेवणाची चौकशी करतात आणि गावठी कोंबडीचा रस्सा मिळेल का, हा प्रश्न हमखास येतो. गावठी कोंबडा आणि गावठी अंडी मोठ्या पोल्ट्रीतून येत नाहीत, ती येतात परसातल्या खुराड्यातून. महाड-पोलादपूर पट्ट्यात अशा चार-सहा कोंबड्यांचा हिशेब बहुधा घरातल्या बाईच्या हातात असतो. हा हिशेब दर तीन-साडेतीन महिन्यांनी एका ठिकाणी अडतो : अंडी देणारी कोंबडी अचानक खुडूक होते. तिला अंड्यांवर बसवायचे की उठवायचे? निर्णय पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतला तर फायदा, लांबवला तर अंडीही नाहीत आणि पिल्लेही नाहीत.

खुडूक झालेली कोंबडी कशी ओळखायची?

सर्वात सोपी खूण रात्री दिसते. इतर कोंबड्या दांडीवर किंवा नेहमीच्या जागी झोपतात, खुडूक कोंबडी मात्र अंडी घालायच्या टोपलीतच बसून राहते. जवळ हात नेला की पिसे फुलवते, चोच मारते आणि घशातून ‘कुडुक कुडुक’ असा सलग आवाज काढते. दिवसातून एकदा-दोनदाच उठते, घाईघाईने दाणे-पाणी घेते, एकदम मोठी आणि भयंकर वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा जागेवर. छातीखालची पिसे गळतात किंवा ती स्वतःच उपटते, तिथली कातडी हाताला गरम लागते. तुरा फिका पडतो. टोपलीत अंडी असलीच पाहिजेत असेही नाही. काही कोंबड्या रिकाम्या टोपलीत, अगदी दगडावरही बसतात.

आजारी कोंबडीही कोपरा धरते, म्हणून एक परीक्षा करावी. कोंबडीला उचलून अंगणात मध्यभागी ठेवा. खुडूक असेल तर थोडी गोंधळेल, पिसे फुलवून फिरेल आणि काही मिनिटांत टोपलीकडे धावेल. आजारी कोंबडी ठेवाल तिथेच पेंगत उभी राहील. पंख लोंबलेले, विष्ठा हिरवट आणि पातळ, मान वाकडी, अशी लक्षणे असतील तर ती मानमोडी म्हणजेच राणीखेत असू शकते. अशी कोंबडी लगेच वेगळी करून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

हे घडते कशामुळे?

यामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आहे. दिवस मोठे होऊ लागणे, अंधारी आणि आडोशाची जागा आणि पोटाला सतत होणारा अंड्यांचा स्पर्श, यामुळे कोंबडीच्या शरीरात त्याचे प्रमाण वाढते. ते वाढले की अंडाशयाचे काम थांबते आणि बसण्याची ओढ लागते. बसल्यामुळे स्पर्श आणखी वाढतो, स्पर्शामुळे प्रोलॅक्टिन टिकून राहते. इंजिनीअरिंगच्या भाषेत हा फीडबॅक लूप झाला, स्वतःच स्वतःला चालू ठेवणारा. कोंबडीला उठवायचे म्हणजे हा लूप कुठेतरी तोडायचा, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे उपाय समजतात.

पोल्ट्रीतल्या लेअर कोंबड्या वर्षाला ३०० च्या वर अंडी देतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यातून बसण्याची सवय जवळपास काढून टाकली आहे. व्हाइट लेगहॉर्न हे त्याचे ठळक उदाहरण. गावठी कोंबडीत ती शाबूत आहे.

गावठी कोंबडी अंडी कमी का देते?

याचे उत्तर बहुतेक वेळा ‘जातच तशी’ असे दिले जाते. पण जरा गणित मांडू. गावठी कोंबडी एका वेळेला साधारण १५ अंडी घालते, त्याला २०-२५ दिवस लागतात. मग २१ दिवस अंड्यांवर. नंतर सुमारे दोन महिने पिल्लांमागे. एक फेरी झाली सुमारे १०० दिवसांची. वर्षात साडेतीन फेऱ्या, म्हणजे ५०-५५ अंडी. गावठी कोंबडीचे वर्षाचे ५०-६० अंड्यांचे जे सर्वसाधारण उत्पादन सांगतात, ते हेच. म्हणजे वर्षाचा तीन चतुर्थांश काळ ती आईपण करत असते.

तिला दर वेळी पहिल्या एक-दोन दिवसांत उठवले, तर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यांवर येते. कागदावर अंडी दुपटीच्या पुढे जातात. प्रत्यक्षात पिसे गळण्याचा काळ, पावसाळा आणि अपुरे खाद्य यामुळे आकडा खाली येतो, पण फरक उरतोच.

मग बसवायचीच कशाला?

कारण वाढलेल्या कोंबड्याला अंड्याच्या कितीतरी पट भाव येतो, आणि खुडूक कोंबडी हे वीज न लागणारे उबवणी यंत्र आहे. यंत्रात साडेसदतीस अंश तापमान, दमटपणा आणि अंडी फिरवणे यासाठी जी यंत्रणा लावावी लागते, ते सगळे ती स्वतः करते. पुढे पिल्लांना ऊब देते, दाणे टिपायला शिकवते, घार दिसली की पंखाखाली घेते.

पण खरा प्रश्न किती पिल्ले निघतात हा नाही, किती जगतात हा आहे. समजा १२ अंड्यांतून ९ पिल्ले निघाली. त्यातली पाच-सहा वाढली, तर बसवणे फायद्याचे. मुंगूस, कावळा, घार, पाऊस आणि मानमोडी यातून दोनच उरली, तर त्या तीन महिन्यांची अंडी विकलेली बरी होती. मागच्या खेपेला तुमच्या अंगणात किती जगली, ते आठवा. निर्णय त्यावरच घ्यावा.

पाचाडसारख्या ठिकाणी बसवायची वेळ कोणती?

इथे पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. पिल्लाला अंगभर पिसे येऊन ते थंडी-पाऊस सोसण्याजोगे व्हायला सुमारे आठ आठवडे लागतात. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरला, तर तिथून आठ आठवडे आणि २१ दिवस मागे मोजा. तारीख येते मार्चच्या शेवटाची. म्हणजे साधारण गुढीपाडव्यानंतर खुडूक झालेल्या कोंबडीची पिल्ले ऐन झडीत कोवळी असतील. तिला उठवणेच शहाणपणाचे. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत खुडूक झालेली कोंबडी मात्र बसवावी.

बसवताना काय पाहावे?

गावठी कोंबडीच्या अंगाखाली १० ते १२ अंडी नीट मावतात. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. अंडी सात दिवसांच्या आतली, न धुतलेली आणि न तडकलेली हवीत, फ्रीजमधली नकोत. टोकाची बाजू खाली ठेवून गार जागी साठवावीत. कोंबडी बसेपर्यंत अंड्यातली वाढ थांबलेली असते, म्हणूनच वेगवेगळ्या दिवशी घातलेल्या अंड्यांतून पिल्ले एकदमच निघतात. पण कोकणच्या उन्हाळ्यात घरातच पारा तिशीपार जातो आणि वाढ अर्धवट सुरू होऊन गर्भ मरतो. तेव्हा दिवस गरम असतील तर चार-पाच दिवसांपेक्षा जुने अंडे ठेवू नये.

टोपलीत कोरडा पेंढा, खाली थोडी राख, जागा अंधारी आणि न गळणारी. कोंबडीला संध्याकाळी बसवावे, रात्रभरात ती स्थिरावते. अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या मधूनच येऊन तिथे अंडी घालून जातात. दाणे-पाणी जवळ ठेवा, पण टोपलीत नको. गडगडाटाने अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवायची जुनी समजूत अनेक ठिकाणी आहे. लोखंड ठेवा किंवा न ठेवा, छप्पर गळून पेंढा भिजला तर अंडी नक्की जातात.

सातव्या रात्री मोबाइलचा टॉर्च कामाला येतो. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे धरले आहे. पूर्ण स्वच्छ दिसले तर ते पोकळ, काढून टाका. बरीच पोकळ निघाली तर कोंबडा पुरतो आहे का ते पाहा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवा. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये.

पिल्ले निघाल्यावर पहिला दिवसभर ती कोंबडीखालीच राहू द्यावीत. पोटातल्या बलकावर ती दोन-तीन दिवस सहज काढतात. नंतर पहिले दोन आठवडे आईसकट डालग्याखाली. कण्या पुरेशा नाहीत, पिल्लांचे खाद्य किंवा वाळवी द्यावी. राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि एकदा मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणूनच ती राहून जाते. वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर एक कुपी सगळ्यांना पुरते.

उठवायची असेल तर?

टोपलीतली अंडी रोज काढणे आणि टोपली हलवणे ही सुरुवात. तेवढ्याने भागले नाही, तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवा. पिंजरा विटांवर उचललेला असावा, म्हणजे खालून वारा लागून छाती गार राहते. पेंढा नाही, अंधार नाही, दाणे-पाणी मात्र भरपूर. चौथ्या दिवशी सोडून पाहा. परत टोपलीत गेली तर आणखी दोन दिवस. पहिल्याच दिवशी पकडलेली कोंबडी लवकर सुटते, दोन आठवडे बसलेली हट्ट सोडत नाही.

पाण्यात बुचकळणे, उपाशी ठेवणे, नाकात पीस खुपसणे हे जुने प्रकार अजून ऐकू येतात. पावसाळी हवेत भिजलेली कोंबडी आजारी पडते आणि उपाशी कोंबडी अंड्यावर उशिराच येते. त्या छळातून मिळत काहीच नाही.

विकत आणलेली पिल्ले तिच्याखाली चालतात का?

चालतात, आणि महाड-पोलादपूरकडे हा मार्ग अधिक वापरायला हरकत नाही. गिरिराज, वनराज या सुधारित कोंबड्या वर्षाला १०० ते १५० अंडी देतात, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावठीखाली उबवून पुढची पिढी तयार करायचा मोह होतो. त्या संकरित असल्याने पुढच्या पिढीत गुण तसेच उतरत नाहीत, त्यामुळे एक दिवसाची पिल्ले उबवणी केंद्रातून घ्यावीत. गावठी कोंबडी किमान दोन आठवडे खोट्या अंड्यांवर बसलेली असू द्या. मग रात्री अंधारात एकेक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवा आणि खोटी अंडी काढून घ्या. उजाडायच्या आधी उठून पाहा. ती ‘कुडुक’ करून बोलावत असेल तर पिल्ले स्वीकारली. चोची मारत असेल, तर लगेच काढून बल्बखाली ठेवा.