प्रयत्न आणि प्रसाद : संत तेरेसा यांचा प्रार्थनाविचार

मराठीत ‘ध्यान’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. कॅथलिक गूढवादी परंपरा मात्र प्रार्थनेच्या दोन अवस्थांत काटेकोर भेद करते. ख्रिस्तचरित्रातील एखादा प्रसंग मनासमोर आणून त्यावर विचार करीत राहणे, हे मनन. विचारांची ही साखळी शांत होऊन अंतःकरण ईश्वराच्या सान्निध्यात प्रेमाने स्थिरावणे, हे ध्यान. मनन साधकाच्या प्रयत्नाने साधते; ध्यान हा अंतिमतः प्रसाद मानला जातो. मग प्रयत्न कोठे थांबवावा, हा या साधनेतील कळीचा प्रश्न ठरतो.

स्पेनमधील आविला येथील कार्मेलाइट संन्यासिनी संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी १५६५ मध्ये पूर्ण केलेल्या आत्मचरित्रात या प्रश्नाचे उत्तर बागेच्या रूपकातून दिले आहे. आत्मा ही बाग. तिला पाणी देण्याच्या रीती चार. विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदणे ही पहिली. यात कष्ट सर्वाधिक. रहाटाने पाणी काढणे ही दुसरी; येथे श्रम कमी आणि पाणी अधिक. ओढ्याचे किंवा नदीचे पाणी बागेत खेळवणे ही तिसरी. चौथी रीत पावसाची; तेथे माळ्याला काहीच करावे लागत नाही. तथापि पाऊस येईपर्यंत त्याने विहीर सोडू नये, आणि विहीर कोरडी पडली तरी काम टाकू नये, यावर तेरेसा यांचा भर आहे.

या आग्रहामागे स्वानुभव आहे. सुमारे १८ वर्षे त्यांना पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धैर्य होत नसे. १५५९ मध्ये स्पॅनिश धर्मन्यायपीठाने लोकभाषेतील अनेक आध्यात्मिक ग्रंथांवर बंदी घातली, तेव्हा हा आधारही मोठ्या प्रमाणात सुटला.

परंतु मनातील कोरडेपणा प्रगतीचा की केवळ आळसाचा, हे ओळखावे कसे? त्यांचे सहकारी संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) यांनी यासाठी तीन खुणा सांगितल्या : मनन करणे अशक्य होते, इतर विषयांतही मन रमत नाही, आणि ईश्वराकडे लागलेले शांत, प्रेममय अवधान टिकून राहते. तिन्ही खुणा एकत्र आढळल्यासच मनन सोडावे. केवळ पहिलीच आढळली, तर ते चित्ताचे विचलन किंवा साधनेतील शैथिल्य असू शकते.

१५७७ मध्ये लिहिलेल्या ‘अंतर्यामीचा किल्ला’ या ग्रंथात तेरेसा यांनी आत्म्याच्या सात महालांचे वर्णन केले. पहिल्या तीन महालांत साधकाचा प्रयत्न प्रधान आहे. चौथ्यापासून प्रसादाचे प्राबल्य वाढते. सातव्या महालात ईश्वराशी ऐक्य घडते; पण तेथेही विश्रांती हे साध्य नाही. या ऐक्यातून सत्कृत्ये जन्माला यावीत, असे त्या बजावतात. म्हणून या परंपरेत प्रार्थनेची कसोटी अनुभवाच्या माधुर्यात नसून शेजाऱ्यावरील प्रेमात आहे. दीर्घ काळ कोरड्या विहिरीशी उभ्या राहिलेल्या साधकाला ही कसोटी दिलासा देते.