बॅटरीची तहान

मे महिन्यातली दुपार, घरात पाहुणे आणि नेमके दिवे गेले! इन्व्हर्टर आहे म्हणून मी निर्धास्त होते, तर पंधरा मिनिटांत पंखेही बंद. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला आला. झाकणं उघडून बघत म्हणाला, "वहिनी, यात पाणी कुठलं घालता?"

"फिल्टरचं. आम्ही पितो तेच!" मी कौतुकाने सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. जेमतेम दोन वर्षांची बॅटरी भंगारात गेली.

मैत्रिणींनो, चूक माझीच होती. घरोघरी इन्व्हर्टरला बहुधा शिसं आणि आम्लाची बॅटरी असते. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती 1859 मध्ये तयार केली. तिच्यात शिशाच्या प्लेट्स सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. हे आम्ल म्हणजेच इलेक्ट्रोलाइट, विद्युतभारित कणांची ने-आण करणारं माध्यम. वीज वापरली की आम्लातलं सल्फेट प्लेट्सवर बसतं आणि द्रव पातळ होतो. चार्जिंग झालं की ते परत द्रवात येतं. मात्र चार्जिंगच्या वेळी थोड्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं. म्हणजे कमी होतं ते पाणी, आम्ल नव्हे! म्हणून वरून आम्ल कधीच घालायचं नाही, घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या, फिल्टरच्या पाण्यात क्षार उरतातच. क्लोराइडमुळे प्लेट्स झिजतात, लोहामुळे बॅटरी बसल्या जागी उतरते.

पाणी घालताना इन्व्हर्टर बंद करा, हातमोजे आणि चष्मा घाला. प्लेट्स उघड्या पडू देऊ नका, पण खुणेच्या वरही भरू नका; नाहीतर आम्ल बाहेर सांडतं. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा बॅटरी हवेशीर जागी ठेवा. देवघराचा दिवा, उदबत्ती तिच्याजवळ नको. डोळ्यांत थेंब उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. मुलांना तर तिथे फिरकूच देऊ नका.

आता महिन्यातून एकदा पातळी बघायचं काम सासूबाईंनी माझ्यामागे लावलंय. तुळशीला पाणी घालून आत आले, की विचारतात, "अगं, त्या बॅटरीकडे बघितलंस का?"