कळलावी : रानातील भूकमळ आणि त्याचे विष

श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत अंजनगाव सुर्जीहून मेळघाटच्या रानाकडे जाताना झुडपांवर चढलेली एक वेल लक्ष वेधून घेते. तिच्या मागे वळलेल्या सहा लहरी पाकळ्या तळाशी पिवळ्या व टोकाला लाल असतात. ज्वाळेसारख्या या फुलाला संस्कृतात 'अग्निशिखा' म्हणतात. आपल्याकडे तिचे नाव 'कळलावी'. पानाच्या टोकाला असलेल्या तणाव्याने ती आधार धरते आणि उन्हाळ्यात जमिनीतील कंदाच्या रूपाने जिवंत राहते. नांगरासारख्या कंदामुळे तिला 'लांगली' असेही नाव मिळाले.

'कळलावी' म्हणजे प्रसूतीच्या कळा आणणारी. प्रसूती अडली असता पूर्वी सुइणी हा कंद वाटून बेंबीवर अथवा तळपायांवर त्याचा लेप देत व बाळ जन्मताच तो धुऊन टाकीत. सर्पदंश व त्वचारोग यांवरही त्याचा वापर होत असे. आयुर्वेदाने मात्र तिची गणना उपविषांत केली असून शुद्धीविना ती वर्ज्य मानली आहे.

या सावधगिरीचे कारण विज्ञानाने स्पष्ट केले आहे. वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. खाण्याजोगा कंद समजून तो खाल्ल्यास काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात; पुढे अवयव निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. हेच कोल्चिसिन शुद्ध करून अत्यल्प मात्रेत गाउट या सांधेदुखीवर दिले जाते. मात्रा ठरविणे हे वैद्यकाचे काम आहे, घरगुती अंदाजाचे नव्हे.

म्हणून आमची भाविकांना कळकळीची विनंती आहे. गरोदर मातेला हा कंद कोणत्याही रूपात देऊ नये. शेतात सर्पदंश झाल्यास मुळी उगाळण्यात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मुलांनाही ही वेल ओळखावयास शिकवावे.

प्रभू येशूने आपल्याला रानातील भूकमळांकडे पाहावयास सांगितले. कळलावीही दीर्घकाळ भूकमळांच्याच कुळात गणली जात होती. परमेश्वराने भूमीतून औषधे निर्माण केली, असे सांगणारा बेन सिरा त्याच अध्यायात वैद्याचा मान राखण्यासही सांगतो. फुलाचे सौंदर्य पाहून देवाची स्तुती करावी, वेल उपटून नष्ट करू नये; परंतु आजारी माणसाचा जीव, तसेच माता व बाळ यांचे प्राण, तिच्या कंदाच्या भरवशावर सोडू नयेत. जीवन हे देवाचे दान आहे; त्याचे रक्षण करणे हीदेखील उपासनाच होय.