पितळी घुंगरमाळ

घुंगरमाळ ही घोडा किंवा बैल यांच्या गळ्यात बांधायची, चामड्याच्या पट्ट्यावर वा दोरावर घुंगरे ओवून केलेली माळ होय. महाराष्ट्रात ही घुंगरे प्रामुख्याने पितळेची असतात. परभणीसह मराठवाड्यात श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैलांच्या साजात घुंगरमाळेला महत्त्वाचे स्थान आहे.

रचना
घंटेत लोलक खाली लोंबतो. घुंगरू मात्र जवळजवळ बंद असा पोकळ गोल असून त्यात सुटी गोळी असते. वर ओवण्यासाठी कडी आणि खाली चीर असते. चिरेमुळे गोलाचा खालचा भाग मोकळेपणाने कंप पावतो व नाद बाहेर पडतो.

घडण
जुन्या पद्धतीत घुंगरू अखंड ओतले जाते. लोखंडी गोळीभोवती मातीचा गाभा करून त्यावर मेणाचा थर देतात व मेणावर पुन्हा माती लिंपतात. साचा तापवला की मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने गोळी शाबूत राहते. धातू थंड झाल्यावर चिरेतून गाभ्याची माती कोरून काढली की गोळी आत सुटी होते.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे तांबे आधी वितळवून जस्त नंतर घालतात. तरीही काही जस्त धूर होऊन उडते. एकाच कारागिराच्या दोन घाण्यांतील घुंगरांचा रंग व नाद वेगळा असू शकतो, त्याचे हे एक कारण आहे.

कारागीर
महाराष्ट्रात ओतकाम हा ओतारी समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे. ‘ओतणे’ या क्रियापदावरूनच हे नाव आले. तांबट मुख्यतः पत्रा ठोकून भांडी घडवतात, तर कासार धातूची भांडी व बांगड्या यांच्या व्यवसायासाठी ओळखले जातात. उत्तर प्रदेशातील जलेसर हे पितळी घंटा व घुंगरांचे प्रसिद्ध केंद्र आहे.

वापर
घोड्याच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज टांगा येत असल्याची सूचना वाटसरूंना देई. रात्रीच्या प्रवासात बैलगाड्यांनाही त्याचा उपयोग होई. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबा यात्रा आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची दत्तजयंती यात्रा हे राज्यातील घोड्यांचे मोठे बाजार असून तेथे जनावरांच्या साजाचीही विक्री होते.

सद्यस्थिती
मोटारगाड्या व ट्रॅक्टर आल्यावर घुंगरमाळेची रोजची गरज कमी झाली. पत्र्याच्या दोन वाट्या दाबून जोडलेली यंत्रनिर्मित घुंगरे स्वस्त पडतात. त्यांच्या मध्यावर जोड दिसतो. अखंड ओतलेल्या घुंगरावर तो नसतो. पितळेला मोडीतही भाव मिळत असल्याने फुटलेली जुनी घुंगरे सहसा वितळवली जातात. अशा रीतीने धातू टिकतो, पण जुन्या कारागिरांच्या कामाचा नमुना नाहीसा होतो.