माईक हातात घेण्याआधी वायर बघा



आपल्यातल्या कितीतरी गटांकडे आता स्वतःचा साउंड सेट आहे. हळदीकुंकू, महिला सभा, भजन, डोहाळजेवण, सगळीकडे तो जातो आणि भाड्याचे चार पैसे गटाच्या खात्यात येतात. यातले बरेच सेट कंपनीचे नसतात. तालुक्याहून ॲम्प्लिफायरचा बोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची पेटी आणायची आणि गावातल्या आयटीआय झालेल्या मुलाकडून जोडून घ्यायची. त्यात वावगे काही नाही. खर्च कमी येतो आणि दुरुस्तीही गावातच होते. पण खरेदीच्या यादीत स्पीकरपुढे हजारांचा आकडा लिहिताना वायर आणि पिनांपुढे आपण नुसते "किरकोळ" लिहितो. आज बोलायचे आहे ते या किरकोळीबद्दल.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. माईकची जाळी धातूची असते. माईकच्या वायरमध्ये बाहेरून जी तारांची जाळी असते, ती बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला जोडलेली असते. आता समजा, पेटीच्या आत २३० व्होल्टची फेजची तार निसटली आणि पत्र्याला टेकली. वीज पेटीत आली, म्हणजे ती माईकपर्यंतही पोचली. आणि माईक कोणाच्या हातात आहे? ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या आपल्याच एखाद्या ताईच्या.

यासाठीच तिसरी तार असते. अर्थिंगची हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार पेटीच्या पत्र्याला स्क्रूने पक्की बसवलेली असेल, तर पत्र्यावर आलेली वीज त्या तारेने निघून जाते, फ्यूज उडतो आणि सेट बंद पडतो. कार्यक्रम थांबला तरी माणूस वाचतो. म्हणून पत्र्याच्या पेटीला टू-पिन कधीच लावू द्यायची नाही. थ्री-पिनमधली वरची जाड पिन लांब असते, ती यासाठीच, की लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडले जावे आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावे. बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन कापायची नाही.

आता खरेदीकडे वळू. पेटीच्या मागे वायर थेट भोकातून आत नेण्यापेक्षा कॉम्प्युटरला असते तसे सॉकेट बसवून घ्या. त्याच्या पिना खोबणीत आत असतात आणि वायरीच्या टोकाला तीन भोके असतात. चालताना कोणाचा पाय अडकून वायर निघाली, तरी उघडी पिन हाताला लागत नाही. हाच नियम सगळीकडे लावा: ज्या टोकात वीज येते, त्या टोकाला भोके हवीत, पिना नकोत. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कोणी बनवून दिली तर घेऊ नका. तिचे एक टोक बोर्डात असताना दुसऱ्या टोकाच्या पिना जिवंत असतात.

जुनाच सेट असेल आणि वायर थेट आत जात असेल, तर पत्र्याच्या भोकात रबरी वॉशर आणि आत वायर धरून ठेवणारी क्लिप हवी. नाहीतर पत्र्याची धार वायरीवरचे प्लास्टिक हळूहळू कापते.

वायर किती जाडीची घ्यावी? सेटवरच्या वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. ४६० वॅटला २ अँपिअर. इतक्या भाराला पेटीची छोटी वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची, तीन तारांची पुरते. अंगणापर्यंत नेण्याची लांब एक्स्टेंशन मात्र १.५ स्क्वेअर एमएमची घ्या, तीही तीन तारांचीच. दोन तारांच्या एक्स्टेंशनवर थ्री-पिन लावली, तर अर्थिंग तिथेच तुटते. वायरीवर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा क्रमांक, तर प्लग-सॉकेटवर आयएस १२९३ हा क्रमांक बघा. रिळाची एक्स्टेंशन असेल तर वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते.

आणखी एक खोड मोडायला हवी. स्पीकरच्या वायरीला किंवा बॅटरीच्या वायरीला घरातल्या लाइटची टू-पिन लावतात. एखाद्या लहान मुलाने ती बोर्डात घातली, तर स्पीकर जळेल, बॅटरीचे टोक असेल तर त्याहून वाईट होईल. लाइट, स्पीकर आणि बॅटरी, तिघांच्या पिना इतक्या वेगळ्या ठेवा की एकाची दुसऱ्यात बसूच नये.

लाइट गेल्यावर सेट बॅटरीवर चालवता का? मग हिशेब बदलतो. १२० वॅटला २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर लागतो, पण १२ व्होल्टच्या बॅटरीवर १० अँपिअर. बारा व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण बारीक वायर तापून पेटू शकते. बॅटरीची वायर जाड आणि आखूड ठेवा आणि बॅटरीच्या प्लस टोकाजवळच फ्यूज घ्या. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

ज्या घरी कार्यक्रम आहे, तिथल्या बोर्डात अर्थिंगचे भोक असते, पण मागे तार असतेच असे नाही. ते वायरमनकडून तपासून घ्या. प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडून "झाले काम" म्हणणारा भेटला तर त्याला थांबवा. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर अख्खी पेटी जिवंत होते. घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवता आली तर फार उत्तम.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. सेटची जबाबदारी दोघींकडे द्या. सेट बाहेर जाण्याआधी त्यांनी प्लग बोर्डातून काढूनच वायर बोटांनी चाचपायची, टेप गुंडाळलेला जोड दिसला तर वायर बदलायची, प्लग ढिला किंवा काळा पडलेला असेल तर फेकून द्यायचा. कार्यक्रमात कोणी उघड्या तारा बोर्डात खोचून काडी ठोकायला लागले, किंवा खांबावर आकडा टाकू म्हणाले, तर सेट परत आणायचा अधिकार या दोघींना ठरावात लिहून द्या. ठराव हातात असला की भाडे देणाऱ्या भाऊसाहेबांनाही नाही म्हणता येते.

आणि यादीतला तो "किरकोळ" शब्द खोडून तिथे वायर, प्लग, फ्यूज अशी नावे आणि रक्कम लिहा.