पाणबुड्याचे घड्याळ

पाणबुड्याचे घड्याळ : पाण्याखाली काम करणाऱ्या माणसास बुडीचा काळ अचूक मोजता यावा म्हणून खास बनविलेले जलाभेद्य व दणकट मनगटी घड्याळ. सामान्य जलरोधी घड्याळात पाणी शिरू नये एवढीच अपेक्षा असते. पाणबुड्याच्या घड्याळात त्याखेरीज अंधारात व गढूळ पाण्यात वाचता येणारी तबकडी, बुडी सुरू झाल्यापासून गेलेली मिनिटे दर्शविणारे फिरते कडे आणि आघात, खारे पाणी व चुंबकत्व यांना दाद न देणारी बांधणी या गोष्टी आवश्यक असतात. या घड्याळाचे आजचे रूप मुख्यतः १९३६ ते १९७५ या काळात निरनिराळ्या देशांच्या नौदलांच्या गरजांतून सिद्ध झाले. आज ते वापरणाऱ्यांपैकी बहुतेकजण कधीच खोल पाण्यात उतरत नाहीत. तथापि त्याच्या प्रत्येक भागाचा अर्थ पाण्याखालील कामाच्या संदर्भातच लागतो.

गरज : विहिरीत पडलेले भांडे वा पंपाचा भाग काढून देणारा मराठवाड्यातील खेड्यातला पाणबुड्या घड्याळ वापरीत नाही व त्याला त्याची गरजही नसते. तो श्वास रोखून बुडी मारतो आणि श्वास संपत आला की वर येतो. त्याचा श्वास हेच त्याचे घड्याळ असते. संपीडित हवेच्या टाक्या पाठीवर बांधून माणूस पाण्यात उतरू लागला, तेव्हा शरीराकडून मिळणारी ही सूचना नाहीशी झाली. झाक-ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या श्वसनसाधनामुळे पाणबुड्या तळाशी दीर्घकाळ राहू शकतो, परंतु त्याचे शरीर आतून काय होत आहे हे त्यास कळू देत नाही.

पाण्यात दर १० मी. खोलीस दाब सु. एक वातावरण इतका वाढतो. परभणी जिल्ह्यातील पूर्णा नदीवरील येलदरी धरण सु. ५१ मी. उंच आहे, एवढ्या खोल पाण्याच्या तळाशी एकूण दाब सु. सहा वातावरणे भरेल. अशा दाबाखाली श्वसन केल्यास हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतकांत अधिकाधिक विरघळत जातो. पाणबुड्या घाईने वर आला, तर या वायूचे बुडबुडे तयार होऊन सांधेदुखी, पक्षाघात व प्रसंगी मृत्यू ओढवतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी या धोक्याविषयीची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांवरून पुढे विकसित झालेल्या अमेरिकी नौदलाच्या जुन्या कोष्टकांप्रमाणे सु. १८ मी. खोलीवर ६० मिनिटे राहून मध्ये न थांबता वर येता येई, सु. ३० मी. खोलीवर ही मुदत केवळ २५ मिनिटे होती. अशा स्थितीत पाच मिनिटांची चूक ही केवळ गैरसोय राहत नाही.

रचना : कवच बहुधा अगंज पोलादाचे व क्वचित टिटॅनियमाचे असते. पाणी शिरण्याच्या जागा तीन : काचेची कड, मागील झाकण व चावीची दांडी. तिन्ही ठिकाणी रबरी कडी बसवितात, झाकण आट्याने आवळतात व चावीही बहुधा आट्यानेच कवचात बसविलेली असते. ३० मिमी. व्यासाच्या काचेवर १०० मी. खोलीवर सु. ७० किग्रॅ. वजनाइतका भार पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा घड्याळाची काच जाड का असते हे कळते. सोव्हिएट रशियातील चिस्तोपोल येथील कारखान्याने १९६७ मध्ये काढलेल्या ‘अम्फीबिया’ घड्याळात दाबाशी झुंजण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घेतला आहे : खोली वाढेल तसतसे मागील झाकण रबरी कड्यावर अधिकच घट्ट बसते. स्वस्त घड्याळातील ही युक्ती महागड्या घड्याळांतील पुष्कळ कारागिरीहून सरस आहे.

तबकडीभोवतालचे फिरते कडे हा या घड्याळाचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भाग होय. बुडीच्या आरंभी कड्यावरील खूण मिनिटकाट्यासमोर आणतात. त्यानंतर मिनिटकाटा कड्यावरील ज्या अंकासमोर असेल तितकी मिनिटे गेली असे समजावे. हे कडे आता एकाच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्यामुळे ते चुकून धक्क्याने सरकले, तरी गेलेला काळ प्रत्यक्षाहून अधिक दिसतो व पाणबुड्या लवकर वर येतो. चूक झालीच तर ती जीव वाचविणाऱ्या बाजूने व्हावी, अशी ही योजना आहे.

तबकडी काळी, खुणा ठळक व मिनिटकाटा तासकाट्याहून स्पष्ट असतो. बंदरातील पाण्यात याचे महत्त्व विशेष जाणवते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नाविक गोदीत ‘सिंधुरक्षक’ ही पाणबुडी स्फोट होऊन बुडाली व तीतील १८ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी आत उतरलेल्या नौदलाच्या पाणबुड्यांना चिखलाने गढूळ झालेल्या पाण्यात जवळजवळ काहीच दिसत नव्हते.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८२ मध्ये या घड्याळांसाठी ६४२५ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. ते १९९६ व २०१८ मध्ये सुधारण्यात आले. त्यानुसार घड्याळ किमान १०० मी. खोलीस योग्य असावे, नमूद खोलीच्या दाबाहून २५ टक्के अधिक दाबाखाली ते तपासावे आणि अंधारात २५ सेंमी. अंतरावरून ते वाचता यावे, असे ठरविण्यात आले आहे.

लष्करी वापराचा इतिहास : रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ हे आट्याच्या कवचाचे घड्याळ काढले व १९२७ मध्ये मर्सिडीझ ग्लाइट्स या जलतरणपटूने ते इंग्लिश खाडीत सोबत नेले. हे घड्याळ पोहणाऱ्यांचे होते. लढाऊ पाणबुड्याचे पहिले घड्याळ इटलीत घडले. फ्लॉरेन्सच्या पानेराई या पेढीने इटालियन नौदलासाठी १९३६ पासून रोलेक्सच्या कवचात सु. ४७ मिमी. व्यासाची, रेडियमयुक्त लेपाची घड्याळे तयार केली. डिसेंबर १९४१ मध्ये सहा इटालियन पाणबुड्यांनी तीन संथगती पाणतीरांवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात प्रवेश केला आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. सुरुंगाला कालमापक लावून ठराविक वेळेत दूर जाणे ज्या कामात भाग असते, त्यात मनगटावरील घड्याळ हे शस्त्रसामग्रीचाच भाग ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबेअर मालूबिए व क्लोद रीफो या फ्रेंच अधिकाऱ्यांनी आपल्या लढाऊ पाणबुड्यांसाठी घड्याळाची अपेक्षित लक्षणे निश्चित केली. बाजारात तसे घड्याळ मिळेना. अखेरीस ब्लांपँ या स्विस कंपनीने १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ दिले. पन्नास फॅदम म्हणजे सु. ९१ मी.; हवेवर श्वसन करून उतरण्याची ती तेव्हाची मर्यादा समजली जाई. त्याच सुमारास रोलेक्सचे ‘सबमरीनर’ आले. काळी तबकडी, फिरते कडे व ठळक दीप्तिमान खुणा हा आराखडा त्यानंतर फारसा बदललेला नाही.

प्रत्येक सैन्याने आपल्या सोयीप्रमाणे त्यात भर घातली. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७० च्या दशकातील ‘सबमरीनर’ घड्याळांना रुंद तलवारीसारखे काटे, पूर्ण साठ मिनिटांच्या खुणांचे कडे आणि पट्टा अडकविण्यासाठी कवचास कायमच्या जोडलेल्या दांड्या बसवून घेतल्या. स्प्रिंगदार दांडी निसटली, तर घड्याळ हरवते. जोडलेली दांडी निसटत नाही. अमेरिकी सैन्यासाठी १९७२ पासून बनलेल्या बेनरस घड्याळांच्या तबकडीवर कंपनीचे नावदेखील नसे. पश्चिम जर्मनीने सुरुंग निकामी करणाऱ्या पाणबुड्यांकरिता बिगर-चुंबकीय टिटॅनियम घड्याळे १९८० च्या दशकात तयार करून घेतली, कारण चुंबकीय सुरुंगाजवळ पोलादी घड्याळ नेणेही धोक्याचे असते. १९८३ पासून खोली व काळ यांची स्वतः सांगड घालणारे पाणबुडी-संगणक विक्रीस आले आणि घड्याळास दुय्यम, परंतु विजेरीवर न विसंबणाऱ्या साथीदाराचे स्थान प्राप्त झाले.

भारतातील प्रसार : दणकट घड्याळांचा भारतातील व्यापार मुंबईत वाढला. फाव्हर-लेउबा या १७३७ मध्ये स्थापन झालेल्या स्विस घराण्याचा येथील व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा होय. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव १८८६ मध्ये मुंबईतील व्यवसायासाठीच घेण्यात आले; तिचे ‘सोवार’ (स्वार) घड्याळ सैनिकांत परिचित होते. फाव्हर-लेउबाची ‘सी चीफ’ व ‘सी किंग’ ही घड्याळे महाराष्ट्रातील अनेक घरांत वडिलांची वा आजोबांची आठवण म्हणून अद्याप आढळतात. मात्र त्यांच्या नावातील समुद्रावर जाऊन त्यांना पाणबुड्याची घड्याळे समजू नये. याच कंपनीचे १९६८ मधील ‘बाथी’ हे मात्र खरे पाणबुड्याचे घड्याळ होते. त्यातील पातळ पडदा पाण्याच्या दाबाने दबून एका स्वतंत्र काट्याने खोली दाखवी. हे घराणे २०११ मध्ये टायटन कंपनीच्या मालकीचे झाले व २०२३ मध्ये तेथून ‘इथॉस’ या भारतीय विक्रेत्या समूहाकडे गेले.

स्वातंत्र्यानंतर घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. एचएमटीने १९६१ पासून बंगलोर येथे घड्याळे बनविण्यास आरंभ केला. सैनिकांसाठीचे तिचे ‘जवान’ प्रसिद्ध आहे. हा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. परदेशी घड्याळे व त्यांचे सुटे भाग मात्र दुर्मिळ राहिले. त्यामुळे असलेले घड्याळ कसेही करून चालू ठेवणारा कुशल दुरुस्तीकारांचा एक वर्ग मुंबईत तयार झाला : एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या कवचात बसविणे, डागाळलेली तबकडी पुन्हा रंगविणे, काटे घडवून लावणे ही त्यांची रोजची कामे होत.

पारख : याच कौशल्यातून पुढे एक उपद्व्याप निर्माण झाला. पुन्हा रंगविलेल्या तबकडीची व निरनिराळ्या घड्याळांतून जुळविलेल्या भागांची घड्याळे जुनी अस्सल म्हणून देशोदेशी विकली जाऊ लागली व परदेशी संग्राहकांत त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असे उपहासाचे नाव पडले. या नावात थोडा अन्यायही आहे. मालकाचे घड्याळ चालू राहावे म्हणून तबकडी रंगविणारा आणि तबकडीवर नसलेली लष्करी खूण रंगवून किंमत वाढविणारा यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. पहिली दुरुस्ती आहे, दुसरी फसवणूक.

लष्करी घड्याळाची पारख करताना खुणा एकमेकींशी जुळतात की नाही हे पाहावे. ब्रिटिश घड्याळांच्या पाठीवर सरकारी मालकीचा रुंद टोकाचा बाण व साठ्याचा क्रमांक कोरलेला असतो. पाणबुड्यांच्या घड्याळांत ०५५२ या आरंभीच्या अंकांवरून नौदल व ‘डब्ल्यू १०’ या अक्षरांवरून भूदल ओळखता येते. तबकडीवरील वर्तुळातील ‘टी’ हे अक्षर ट्रिशियमाचे निदर्शक असते. ट्रिशियमाचे अर्धायुष्य सु. १२.३ वर्षे असल्याने १९७० च्या दशकातील मूळ लेप आज अंधारात जवळजवळ उजळत नाही. तो लखलखीत उजळत असेल, तर तबकडी वा काटे नव्याने रंगविलेले आहेत असे समजण्यास हरकत नाही. काट्यांवरील लेपाचा रंग तबकडीवरील लेपाहून फार निराळा असल्यास तेही बदलल्याचे चिन्ह होय. झिजलेल्या कवचात अगदी कोरी तबकडी असेल, तर संशय घ्यावा.

रेडियमाची गोष्ट याच्या उलट आहे व ती अधिक गंभीर आहे. १९६० पूर्वीच्या अनेक घड्याळांत रेडियमयुक्त लेप असे. त्यातील प्रकाश देणारे झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होते व तबकडी काळवंडते. परंतु रेडियमाचे अर्धायुष्य सु. १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग तसाच चालू राहतो. अमेरिकेत १९२० च्या सुमारास असा लेप लावताना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळविणाऱ्या कामगार मुलींना हाडांचे भयंकर रोग होऊन अनेकींचा अंत झाला. म्हणून अंधारात न उजळणारे जुने घड्याळ निर्धोक समजू नये. ते उघडून लेप खरवडणे किंवा त्याची भुकटी फुंकरणे कटाक्षाने टाळावे. दुरुस्तीस देताना कारागिरास याची आधी कल्पना द्यावी. अमेरिकी नौदलाच्या १९६० च्या दशकातील काही घड्याळांत रेडियमाऐवजी प्रोमेथियम होते, तरी त्यांच्या पाठीवर किरणोत्सर्गी पदार्थाची सूचना व घड्याळ सापडल्यास जवळच्या लष्करी ठाण्यात परत करण्याची आज्ञा कोरलेली असे. १९९० च्या दशकापासून वापरात आलेले स्ट्राँशियम ॲल्युमिनेटाचे लेप किरणोत्सर्गी नसून उजेडात साठविलेली ऊर्जा अंधारात हळूहळू देतात.

निगा : घड्याळावर लिहिलेली खोली प्रयोगशाळेतील स्थिर दाबाची व नव्या रबरी कड्यांची असते. ‘३० मी.’ असे लिहिलेले साधे घड्याळ पावसाचे शिंतोडे सोसते, पोहणे सोसेलच असे नाही. रबर कालांतराने कडक होते, म्हणून पाण्यात वापरावयाच्या घड्याळाची कडी दर काही वर्षांनी बदलून दाबाची चाचणी करून घ्यावी. चाळीस-पन्नास वर्षांचे घड्याळ, ते मूळचे कितीही खोलीचे असले तरी, अशा चाचणीवाचून पाण्यात नेऊ नये. चावी पाण्याखाली कधीही उघडू नये व पाण्यात उतरण्यापूर्वी ती पूर्ण आवळली आहे की नाही हे हाताने पाहावे. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन कड्याखालील मीठ व वाळू काढण्यासाठी कडे एकदोन वेळा फिरवावे. काचेच्या आत वाफ धरलेली दिसल्यास घड्याळ उन्हात वाळवीत न बसता लगेच उघडून घ्यावे. विशेषतः खारे पाणी शिरले असल्यास यंत्रातील पोलादी भाग काही दिवसांतच गंजू लागतात.